मुलांचा साबण आणि माझा हात

‘खरं सांगा, साबण तुम्हीच करता ना? मुलांचं नुसतं नाव!’ आठ-पंधरा दिवसांनी कुणीतरी हे विचारतंच. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून नीट सांगते.

थोरली पंधरा वर्षांची, धाकटा बारा. घरी करून विकतात तो साबण त्यांचाच. एक काम मात्र मी त्यांना देत नाही, ते म्हणजे कॉस्टिक सोडा, म्हणजे तेलाचा साबण करणारा पण कातडी भाजणारा क्षार, पाण्यात सोडणं. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. ते उसळून अंगावर येतं. पाणी बघता बघता इतकं तापतं की भांड्याला हात लाववत नाही. डोळ्यांना चष्मा, हातमोजे, खिडकी उघडी आणि मुलं दाराबाहेर. पाणी निवलं की हातमोजे-चष्मे घालून ती दोघं आत येतात आणि मी बाजूला होते.

वजनाचा हिशेब थोरलीचा. १ किलो खोबरेलाला साधारण १८३ ग्रॅम सोडा लागतो, ऑलिव्ह तेलाला १३५च्या आसपास. म्हणून ती प्रत्येक तेलाचं वेगळं मांडते आणि एकूण सोडा ५ टक्के कमी धरते. थोडं तेल साबण न होता मोकळं राहिलं की आंघोळीनंतर कातडी ओढत नाही. धाकटा तेच गणित स्वतंत्र करतो. दोघांचं उत्तर जुळल्याशिवाय मी सोड्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही.

पहिल्या तेलाचे पैसे त्यांच्या बाबांनी उसने दिले, वहीत लिहून. ते फिटल्यावर मुलं म्हणाली, आता सगळा नफाच. बाबांनी एवढंच विचारलं, “तुमच्या तासांची मजुरी धरलीत का?” त्यानंतर वडीची किंमत वाढली.

मध्यंतरी एक मोठी मागणी आली. वड्या तयार होत्या, पण तीनच आठवड्यांच्या. साबण चार ते सहा आठवडे सुकावा लागतो, नाहीतर मऊ राहतो आणि पाण्यात लवकर झिजतो. मी म्हणाले, “देऊन टाका, कुणाला कळतंय?” ते मी बोलायला नको होतं. थोरलीने काही न बोलता एक वडी काट्यावर ठेवली. मागच्या आठवड्यापेक्षा २ ग्रॅम कमी भरली.

“अजून पाणी जातंय, आई,” धाकटा म्हणाला. मग त्यानेच फोन करून दहा दिवस मागून घेतले. मी तेव्हा शेजारच्या खोलीत होते.