रिले डायरेक्ट करणाऱ्यांना पुरून उरलो

वरुडला बाबांनी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान टाकलं. आम्ही ते जुन्या स्टिरिओ रिसीव्हरवर, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकाच पेटीत असलेल्या मशीनवर आणलं. मधली वर्षं बरी गेली. सांगायचं आहे ते समोरच्या दुकानाचं.

नाव घेत नाही, गावाला माहीत आहे. आमच्या हाताखाली शिकलेला पोरगा त्यानं फोडला आणि पाटी लावली, 'जुना अँप्लिफायर एका तासात तयार'. का नाही होणार? मूळ सर्किट भंगारात, त्या जागी ब्लूटूथचं बोर्ड. मारांट्झचा 2230 रिसीव्हर असा पोखरलेला पाहिला, त्या दिवशी जेवण गेलं नाही. गिऱ्हाईक मात्र तिकडंच. आमचं भाडं थकलं, सिग्नल बघायचा ऑसिलोस्कोप विकायला काढला होता.

तेवढ्यात गुरुजी आले. आखातातून आलेला त्यांचा पायोनियर एसएक्स-780 रिसीव्हर समोर जाऊन आला होता. "उजव्यातून आवाज येते भाऊ, पण डाव्यातून धूर निघाला ना!"

झाकण काढलं तर रिले डायरेक्ट! रिले म्हणजे आत बिघाड असला की स्पीकर तोडून ठेवणारा स्विच. डाव्या चॅनेलचा एसटीके-0050, म्हणजे आवाजाला ताकद देणारा भाग, शॉर्ट; आउटपुटवर डीसी, म्हणजे स्पीकर जाळणारा सरळ करंट, म्हणून रिले स्पीकर जोडत नव्हता. बिचारा स्पीकर वाचवत होता. या शहाण्यानं त्याच्या कॉन्टॅक्टवर तार टाकून डीसी थेट व्हॉइस कॉइलवर, स्पीकरमधल्या तारेच्या वेटोळ्यावर सोडला.

नवा म्हणून आणलेला एसटीके नकली निघाला. शेवटी एका मेलेल्या मशीनमधला अस्सल काढून बसवला. आत अजून शॉर्ट असेल तर करंट अडावा म्हणून सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावला, तो भक्कन पेटून मंदावला. थोड्या वेळानं रिले टक् बोलला. गुरुजींनी स्वतः काटा फिरवून मीडियम वेव्हला 585 वर नागपूर लावलं. मग मोर्शी, शेंदुरजना घाट, पार पांढुर्ण्यापर्यंतची माणसं त्यांनीच आमच्याकडं धाडली.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. मशीन घेताना मागचा व्होल्टेज सिलेक्टर आधी बघा. जपानमधलं 100 व्होल्टचं, अमेरिकेतलं 120 चं. आपल्या 230 वर सरळ लावलं की ट्रान्सफॉर्मरला रामराम. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा टाका, तार गुंडाळू नका. आणि खरखरणाऱ्या व्हॉल्यूममध्ये गंज काढायचा स्प्रे मारणाऱ्याला दुकानाची पायरी चढू देऊ नका.

समोरचा आता मोबाईलची कव्हरं विकतो. त्यानं पोखरलेली खोकी अजून आमच्याकडं येतात, आम्ही परत करतो. आत दुरुस्त करायला आहेच काय?