तुम्ही विचारलंत म्हणून : हा धर्म मोबाइलवरूनच आला ना?

‘तुमच्या घरी गणपती बसायचा, मग हा कोया पुनेम, म्हणजे गोंडी धर्म, तुम्ही मोबाइलवरच शिकलात ना?’ हा प्रश्न मला गोंड नसलेले मित्र विचारतात, आणि हल्ली भाऊबंदही विचारतात.

घरी मोबाइल नव्हता तेव्हाही सोयरीक जुळवताना मुलगा किती देवांचा हे आधी पाहिले जाई, कारण आमची कुळे देवांच्या संख्येवरून गटांत वाटलेली आहेत आणि सहा देववाल्यांचे सहा देववाल्यांत लग्न होत नाही. त्या व्यवस्थेला धर्म म्हणायचे, हे गोंडी भाषा-संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली यांनी नागपुरात बसून पुस्तकांत लिहिले. मोबाइलमुळे एवढेच झाले की बस्तर, बैतूल आणि आदिलाबादचे गोंडही हेच मानतात, हे घरबसल्या दिसू लागले.

तरीही तुमच्या प्रश्नातला एक भाग मला बोचतो. काका गेल्यानंतर त्यांना कुळाच्या पेनांत, म्हणजे देवांत, मिळवण्याचा विधी होता. म्हाताऱ्या भुमकांनी, म्हणजे आमच्या पुजाऱ्यांनी, नेहमीप्रमाणे कुंकू वाहिले आणि नारळ हातात घेतला, तोच माझ्या पुतण्याने मोबाइल पुढे धरून, हे आपले नाही, हे बाहेरचे आहे, असे सर्वांसमक्ष सांगितले. भुमकांनी नारळ खाली ठेवला आणि ‘मग तूच कर बाबा’ म्हणून ते उठले. पुतण्याने व्हिडिओतले आवाहन न अडखळता म्हटले. पण आमच्या कुळातल्या पूर्वजांची नावे कोणत्याही व्हिडिओत नव्हती, ती फक्त भुमकांना पाठ होती. काकी रडत म्हणत राहिली, ‘अरे, त्यांच्या बापाचे, आज्याचे नाव तरी घ्या.’ कोणालाच ती क्रमाने येत नव्हती. भुमका परतले नाहीत.

पुतण्याला मी दोष देत नाही. शाळेच्या दाखल्यावर त्याला न विचारता हिंदू लिहिले गेले. त्याने शोधायचे तरी कुठे? पूर्वी मी ठासून सांगत असे की विधी सगळीकडे एकसारखा हवा, कारण एक कोटीहून अधिक गोंडांपैकी २०११च्या जनगणनेत गोंडी धर्म लिहिणारे जेमतेम दहा लाख निघाले, आणि विखुरलेल्यांना धर्माचा स्वतंत्र रकाना कोण देणार? तो युक्तिवाद मला अजूनही खोटा वाटत नाही. पण ज्या एकसारखेपणात काकांच्या आज्याला जागा नाही, तो मला मान्यही होत नाही.

पुढच्या जनगणनेत मी गोंडी धर्मच लिहवून घेणार आहे. त्या भुमकांच्या घरी मात्र हिंदू लिहितात, आणि त्यांच्याइतकी पेनांची ओळख मला नाही.