जिची नोट राहिली, ती केस आण

आम्हा समुपदेशकांच्या सुपरव्हिजनच्या गटात, म्हणजे जिथे आपापल्या केसेस मांडून चर्चा करतो तिथे, विषय कुठलाही ठरलेला असो, गाडी सेशनच्या नोट्सवर येतेच. केस मांडायला बसलेली मुलगी फाईल उघडते, शेवटची नोंद गणपतीतली असते आणि इकडे दिवाळीचा फराळ संपत आलेला असतो. सगळे हसतात. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या फायली तशाच आहेत, हे मला ठाऊक असतं.

"मॅडम, वेळच मिळत नाही हो." हे मला फारसं पटत नाही. तीच मंडळी दोन सेशनच्या मधे व्हॉट्सॲपवर हातभर मेसेज टाइप करतात. वेळ असतो, लिहायचा धीर होत नाही. समोर माणूस रडत असतो तेव्हा आपण काहीतरी करतोय असं वाटतं. कागद मात्र विचारतो, "बरं, मग तुम्ही नेमकं काय केलंत?" ज्या केसची नोट सगळ्यात जास्त रखडते, तिथे बहुतेक वेळा आपणच अडकलेलो असतो. म्हणून सुपरव्हिजनला कुठली केस आणू असं कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं आहे: जिची नोट लिहिली नाहीयेस, ती आण.

दुसरी अडचण म्हणजे कादंबरी. नव्या मुलांना क्लायंटच्या बालपणापासून सासूच्या टोमण्यांपर्यंत सगळं उतरवायचं असतं, तेही इंग्रजीत, भाषा झकास पाहिजे. दीड पानानंतर दम संपतो आणि पुढच्या तीन नोट्स राहतात. चार ओळी पुरतात. अमेरिकेतल्या लॉरेन्स वीड या डॉक्टरांनी १९६०च्या दशकात रुग्णांच्या नोंदींसाठी जी पद्धत बसवली, ती आपण 'सोप' (SOAP) म्हणून शिकतो: क्लायंट काय म्हणाल्या, मला काय दिसलं, मला काय वाटतं, पुढे काय. मी लिहिते ते साधारण असं:

"झोप तीन-चार तास. 'माझं कोणी विचारत नाही' दोनदा म्हणाल्या. सासूबाईंच्या ऑपरेशनचा विषय निघाला की आवाज बारीक होतो. मरणाचे विचार येतात का विचारलं, नाही म्हणाल्या. राग आहे, पण अजून 'थकवा' म्हणूनच सांगतात असं वाटतं. झोपेची वही ठेवणार. नवऱ्याला बोलवायचं का, पुढच्या वेळी बोलू."

(बाई काल्पनिक आहेत, नोटचा घाट खरा आहे.) मरणाच्या विचारांची ओळ मात्र त्याच दिवशी लिहायची. बाकी काही राहिलं तरी ती राहता कामा नये. आणि क्लायंटचं वाक्य मराठीत आलं असेल तर मराठीतच ठेवावं, निम्मा वेळ तिथेच वाचतो.

कधी लिहायचं? फ्रॉइडने १९१२ साली डॉक्टरांना सल्ला दिला होता की सेशन चालू असताना लिहीत बसू नका. तो स्वतः दिवसाचं काम संपल्यावर संध्याकाळी आठवून लिहायचा. त्याला परवडत होतं. दवाखाना राहत्या इमारतीतच आणि घर सांभाळायला बायको, मार्था. आपल्याला कर्वे रोडच्या ट्रॅफिकमधून घरी जाऊन कुकर लावायचा असतो. त्यामुळे संध्याकाळचा भरवसा धरू नये. पन्नास मिनिटांचं सेशन पन्नासाव्या मिनिटाला संपवायचं. तासातली उरलेली दहा मिनिटं फाईलची, क्लायंटची नाहीत. हे म्हणायला सोपं आहे, कारण महत्त्वाचं वाक्य लोक चप्पल घालता घालताच बोलतात. यावर माझा उपाय म्हणजे पंचेचाळिसाव्या मिनिटाला वही पुढे ओढायची: "आज काय ठरलं, ते आपण मिळून लिहू या का?" चपलेजवळचं वाक्य पुष्कळदा तिथेच येतं, आणि नोटची शेवटची ओळही आयती लिहून होते.

तुंबलेल्या नोट्सचं काय? जुन्यापासून सुरुवात करू नका. आज आलेल्यांच्या नोट्स आज, आणि मागच्यांपैकी रोज एक. जुनी नोट लिहिताना मागची तारीख घालायची नाही. आजची तारीख, 'उशिरा लिहिलेली नोंद' असा शेरा, आणि खरोखर आठवतं तेवढंच. आठवत नसेल तर तसं लिहा. सेशन ऐकून आपोआप नोट्स काढणारी ॲप्स आता आली आहेत. क्लायंटची स्पष्ट संमती नसेल तर मी त्यांच्या वाटेला जाणार नाही.

"कोणी वाचलं तर?" ही भीतीही लिहिणं लांबवते. वाचू शकतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७च्या २५व्या कलमाने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क दिला आहे. त्या दाखवल्याने तिला गंभीर मानसिक इजा होईल किंवा इतरांना धोका संभवेल, तेवढीच माहिती राखून ठेवता येते. हा हक्क तिचा आहे, "ती काय बोलली हो आज?" असा फोन करणाऱ्या सासूबाईंचा नाही. मध्यंतरी एका आजींनी चष्मा लावून माझ्या चार ओळी वाचल्या. मी घाबरले होते ते 'राग' या शब्दाला. त्यावरून त्या सरळ पुढे गेल्या आणि बोट ठेवलं ते भलतीकडेच. "अहो, बहीण नव्हे, नणंद. बहिणीशी माझं कध्धी भांडण नाही." मी खोडून नणंद लिहिलं, त्यांनी शेजारी सही ठोकली.