ते झाकण मी दाखवलं

आमची कंपनी पावसाच्या पाण्याचे नाले डिझाइन करते. म्हणजे मी ठाण्यातल्या एसी ऑफिसात बसून मुंबईत कुठे किती पाणी तुंबेल ते संगणकावर काढते. यंदा एचआरच्या डोक्यात आलं, सहल लोणावळ्याला नको. शहर हवामानबदलाला कसं तोंड देतंय ते बघू. जुलैतला शनिवार, एक बस, सगळ्यांना हिरवे टी-शर्ट, त्यावर झाड. झाडाचा आमच्या कामाशी संबंध एवढाच की त्याची पानं जाळीत अडकतात.

सकाळी वरळीचं लव्हग्रोव्ह उदंचन केंद्र, म्हणजे पंपिंग स्टेशन, बाहेरून पाहिलं. मोठ्या भरतीला पातमुखाची, म्हणजे नाला समुद्राला मिळतो तिथली, दारं लावावी लागतात, नाहीतर समुद्रच नाल्यातून आत शिरतो. मग आतलं पाणी पंपांनी बाहेर फेकायचं. हे मी समजावत होते तेव्हा निम्मे सेल्फीत. मार्केटिंगवाले तर सगळेच.

मग दादर-परळमधलं हिंदमाता. ही जागा मला तोंडपाठ आहे. बशीसारखा खोलगट भाग, आजूबाजूचं पाणी उतरून इथेच येतं. ब्रिटिशांच्या वेळचे नाले तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरून बांधलेले. मुंबईचे नाले सुधारण्यासाठीच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालाने ५० करा म्हटलं, आणि २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर कोसळला तेव्हा कुठे ते काम मनावर घेतलं गेलं. आता इथलं पाणी प्रमोद महाजन कला पार्क आणि सेंट झेवियर्स मैदानाखालच्या टाक्यांत साठवतात, ओहोटी लागली की सोडतात. दोन उड्डाणपुलांमधला रस्ताही उचललाय. गाड्या वरून सुटतात. खाली राहतात दुकानं आणि पायी चालणारे.

आम्ही खाली होतो आणि पावसाने धरलं. वीस मिनिटांत पाणी घोट्याच्या वर, बस पलीकडे अडकलेली. एका साडीच्या दुकानातला पोरगा पहार घेऊन आला आणि समोरच्या झाकणाशी झटू लागला.

मी म्हणाले, "अरे, ते नको. त्या खांबाजवळचं उघड."

मला नकाशा माहीत होता. समोरचं चेंबर जुन्या लाइनीवर, ते केव्हाच भरलेलं असणार. खांबाजवळचं मोठ्या लाइनीवर. तिथे जागा होती, पाणी पोहोचत नव्हतं, कारण रस्त्याकडेच्या जाळ्या बुजलेल्या. मॉडेलमध्ये आम्ही जाळी निम्मी बुजलेली धरतो. मी वाकून हात घातला तर दुधाच्या पिशव्या, निर्माल्य आणि कापडाच्या कातरणांचा लगदा, भिजलेल्या कणकेसारखा. निम्मी कसली!

झाकण सरकलं तसा भोवरा पडला. दहा मिनिटांत फूटपाथची कड दिसायला लागली. टाळ्या वाजल्या. दर सोमवारी सुरक्षेवर पाच मिनिटं बोलणारे आमचे मॅनेजर म्हणाले, "याला म्हणतात फील्ड नॉलेज!" खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. आठ वर्षं पडद्यावर निळे आकडे चढता-उतरताना पाहिले. खरं पाणी असं उतरताना पहिल्यांदाच.

२९ ऑगस्ट २०१७च्या पावसात बॉम्बे हॉस्पिटलचे पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर गाडी सोडून पायी घरी निघाले होते, इथून फार लांब नाही. पाणी जावं म्हणून कुणीतरी उघडलेल्या मॅनहोलमध्ये पडले. मृतदेह दोन दिवसांनी वरळीला सापडला. आमच्या ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक आहे. नव्याने लागलेल्या पोरांना मीच सांगते. त्या दिवशी मला ते आठवलं बसमध्ये बसून डोकं पुसताना.

त्यानंतर झाकणांखाली संरक्षक जाळ्या बसवायला घेतल्या. या झाकणाखाली होती का? पाणी इतकं गढूळ की काही दिसलं नाही. पोराने एक बांबू उभा करून त्याला लाल फॉलची पट्टी बांधली होती. पण पाऊस थांबला नव्हता, ड्रायव्हर हॉर्न मारत होता आणि जेवणाचं बुकिंग दोनचं होतं.

सोमवारी मॉडेलमध्ये रस्त्याकडेच्या जाळ्या पूर्ण बुजवून पाहिल्या. पाणी जवळजवळ तितकंच चढलं. मग खांबाजवळचं झाकण उघडं धरून पुन्हा चालवलं, तर उतरलंही तसंच. मॅनेजरना दाखवलं, ते खूश.

झाकण परत लावलं का, एवढंच विचारायला त्या दुकानाचा नंबर शोधत होते. तिथे साड्यांच्या दुकानांची रांगच आहे, आणि पाटी मी वाचलीच नव्हती.