‘नाहीं’वरचा अनुस्वार आणि यंत्राचा शहाणपणा

बडोद्याच्या रावपुरा, दांडिया बाजार भागातल्या जुन्या मराठी घरांत अजून पेट्या आहेत आणि पेट्यांत कागद आहेत. सयाजी साहित्यमालेतली पुस्तकं, संस्थानी काळातले अहवाल, दस्त, पत्रं. आता त्यांचे फोनवर फोटो काढून ते एआयकडे वाचायला दिले जातात. मजकूर चटकन हाती येतो, आणि मराठी इतकं स्वच्छ असतं की तपासावंसंच वाटत नाही. घोळ तिथेच होतो.

अक्षर ओळखणं हे एआय या विद्येचं अगदी बाळपणापासूनचं काम. १९५६ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात तिचं बारसं झालं आणि दोनच वर्षांत फ्रँक रोझेनब्लाट यांचा पर्सेप्ट्रॉन आला, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या धर्तीवरचं, उदाहरणांवरून शिकणारं जाळं. त्यांच्या यंत्राचा डोळा म्हणजे २० बाय २० असे ४०० प्रकाशघट. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी एकपदरी जाळ्याच्या मर्यादा दाखवल्या आणि या वाटेवरचा उत्साह ओसरला. १९८९ मध्ये बेल लॅब्समध्ये यान लकून आणि सहकाऱ्यांनी पाकिटांवरचे हाती लिहिलेले पिनकोड जाळ्याकडून वाचून घेतले, तेव्हा ती वाट पुन्हा रुळली.

आपल्या कामाचा टेसरॅक्ट, म्हणजे छापील अक्षरं वाचणारं सॉफ्टवेअर, मात्र वेगळ्या घरातला. ह्यूलेट पॅकार्डमध्ये तो १९८५ ते १९९४ या काळात घडला आणि २००५ मध्ये सर्वांना खुला झाला. जुना टेसरॅक्ट अक्षरं सुटी करून आकार जुळवायचा. रोमन अक्षरं सुटीच उभी असतात, आपली शिरोरेषेला लटकलेली. म्हणजे आधी रेषा कापा, मग जोडाक्षराचं काय ते बघा. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीत एलएसटीएम नावाचं, मागचं लक्षात ठेवणारं जाळं आलं. ते अख्खी ओळ एका दमात वाचतं आणि शेजारच्या अक्षरांवरून मधलं अक्षर ताडतं. ‘घर’चं ‘धर’ होणं त्यामुळे कमी झालं, पण अंदाजाने वाचायची सवयही इथेच लागली. आजची संवादी मॉडेलं, म्हणजे प्रश्नोत्तरांतून काम करणारे एआय, त्या सवयीची थोरली भावंडं आहेत.

आता अनुस्वाराकडे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. त्याआधीच्या पुस्तकात ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘केलें’ असतं. यंत्राने शिकलेलं मराठी बहुतेक नव्या वळणाचं, म्हणून ते ‘नाही’, ‘काही’ लिहून मोकळं होतं. संवादी मॉडेल तर ‘केलें’चं ‘केले’ करता करता वाक्यही सुधारून देतं, न मागता. ‘जसं छापलंय तसंच उतरव, शुद्धलेखन बदलू नकोस, ओळी तिथेच तोड, वाचता आलं नाही तिथे चौकोनी कंस टाक’ असं सांगितलं की प्रमाण घटतं. थांबत नाही.

म्हणून वाचणाऱ्या एकाच यंत्रावर विसंबू नका. पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके), करड्या छटांत स्कॅन करा. टाइप बारीक असेल तर ४००. निव्वळ काळं-पांढरं केलं तर पिवळ्या कागदावरचे डाग अनुस्वार बनतात आणि खरे अनुस्वार उडतात. पान तिरकं असेल तर आधी सरळ करा. टेसरॅक्टला मराठीची ‘बेस्ट’ भाषाफाइल द्या. ‘फास्ट’ फाइल चपळ असते, पण तिला पुढे शिकवता येत नाही. एकाच स्तंभाचं पान असेल तर पानरचनेचा पर्याय ६ ठेवा. तेच पान मॉडेललाही द्या आणि दोन्ही मजकूर ओळीला ओळ लावून पाहा. जिथे दोघांचं जुळत नाही तिथे मूळ प्रतिमा उघडा. ओळी मोजायला विसरू नका: पानावर २८ असतील तर मजकुरातही २८ हव्यात. लागोपाठच्या दोन ओळी एकाच शब्दाने सुरू झाल्या की त्यांतली एक कधी गाळली जाते. ही चूक जुन्या नकलनविसांचीही होती!

आकडे मात्र दोघांचं जुळलं तरी डोळ्यांनीच तपासायचे. झिजलेल्या टाइपात १ आणि ९ सारखेच दिसतात, आणि १८९३ चं १८१३ झालं तर कुठलाही शब्दकोश हरकत घेणार नाही. ‘९८ टक्के अचूक’ हे ऐकायला छान वाटतं. पण १५०० अक्षरांच्या पानावर त्याचा अर्थ ३० चुका, आणि त्यातली एक सालात असू शकते.

बडोद्याच्या कागदांत मराठीशेजारी गुजरातीही असते. दोन्ही भाषा एकदम लावल्या की बिनशिरोरेषेचा गुजराती पाचाचा आकडा कधी ‘प’ होऊन बसतो. त्यापेक्षा प्रतिमेतच गुजराती भाग कापून वेगळा वाचवावा.

शोधताना आणखी एक गंमत होते. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन, किंवा साध्या र ला हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. अख्खी फाइल एकाच पद्धतीवर आणून ठेवा, नाहीतर समोर असलेला शब्द शोधूनही सापडणार नाही.

मोडी कागद या रांगेत उभेच करू नका. तिथे ओळ आधी आखून अक्षरं सलग ओढलेली, शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. छापील देवनागरीवर शिकलेलं यंत्र त्यावर काहीबाही उत्तर देतं, आणि संवादी मॉडेल तर नसलेलं पत्र रचून देतं. मोडीला युनिकोडात जागाच २०१४ मध्ये मिळाली. ट्रान्सक्रिबससारख्या साधनात हस्ताक्षर शिकवता येतं. पण त्यासाठी एकाच वळणाचे, जाणकाराने ओळीला ओळ उतरवलेले निदान पाच हजार शब्द लागतात. म्हणजे यंत्राआधी मोडी वाचणारा माणूस गाठायचा, आणि दप्तरातलं एकाच कारकुनाचं अक्षर आधी वेगळं काढायचं.