भाताच्या वाणाची नोंदणी आणि एक सही

शेतकरी वाणाची नोंदणी म्हटलं की पहिला प्रश्न येतो, खर्च किती? खर्च शून्य. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा 2001 च्या कलम 44 प्रमाणे शेतकऱ्याला, शेतकऱ्यांच्या गटाला किंवा गावसमुदायाला कुठलीही फी नाही. अर्ज या कायद्याखालच्या प्राधिकरणाकडे जातो, त्याचं मुख्य कार्यालय दिल्लीत आहे आणि शाखा पुण्यातही आहे. आमचा जीव खाल्ला तो एका सहीने.

आमचा भात निमगरवा, म्हणजे मध्यम मुदतीत पिकणारा, लाल कुसळाचा. खोऱ्यातल्या बायांनी निवडून निवडून तो टिकवलाय, म्हणून अर्ज गटाच्या नावाने केला. वाण पिढ्यानपिढ्या आपल्या शेतात आहे, आपल्याला त्याची पारख आहे, एवढ्यावर शेतकरी वाण म्हणून अर्ज करता येतो. पण अर्जासोबत शिफारस लागते. ती देऊ शकतात पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती, जिल्हा कृषी अधिकारी, कृषी विद्यापीठाचे संशोधन संचालक किंवा जिल्हा आदिवासी विकास अधिकारी. चौघांपैकी कुणीही एक. ही यादी अर्जाच्या जोडपत्रातच आहे, पण आम्हाला ती कुणी दाखवली नाही.

सगळे म्हणायचे, समितीची सही आणा. समिती होती, फलकावर नावंही होती. पण तिच्यातल्या एकीला आपण सदस्य आहोत हेच ठाऊक नव्हतं. लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या वाणांची आणि झाडाझुडपांची नोंद, ती कपाटात, कपाटाची किल्ली दुसऱ्याकडे. सचिव म्हणाले, 'असली सही मी कधी केली नाही, वरून पत्र आणा.' वर गेलो तर, 'हा विषय आमच्या टेबलाचा नाही.' पुन्हा खाली आलो तर सचिव बैठकीला गेलेले. रोजंदारी बुडवून येणाऱ्या बायांना त्या बाकावर ताटकळत बसलेलं बघून मला संताप यायचा, आजही येतो.

एकदा मी सचिवांना विचारलं, ओडिशातल्या शेतकऱ्यांचा जुना भात कुणी जपलाच नसता तर? पुराच्या पाण्याखाली तग धरण्याचा गुण शास्त्रज्ञांना त्या भातात सापडला. तो त्यांनी स्वर्णा वाणात आणला आणि 2009 मध्ये स्वर्णा-सब-1 भारतात आला. दोन आठवड्यांपर्यंत पाण्यात बुडूनही तो भात पुन्हा उभा राहतो. पुराच्या पट्ट्यातल्या गरीब घरांना याचा अर्थ विचारा. आपल्याकडे चंद्रपूरच्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांनी 1983 मध्ये पटेल-3 या भाताच्या शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या राखल्या आणि त्यातून एचएमटी भात उभा केला. हे संशोधनच आहे, आणि त्यावर पहिलं नाव शेतकऱ्याचं हवं.

सचिवांनी ऐकून घेतलं. सही तेव्हाही झाली नाही.

झाली ती जोडपत्राचं पान छापून त्यांच्यापुढे ठेवल्यावर. 'तुम्ही देणार नसाल तर तसं लिहून द्या, आम्ही कृषी अधिकाऱ्यांकडे जातो.' त्यानंतर समितीची सभा लागली. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजीने लोंबी हातात धरून कुसळाचा रंग दाखवला, तूस नखाने सोलून दाणा समोर ठेवला, फुटवे किती, निसवतो कधी, म्हणजे लोंबी बाहेर कधी पडते, सगळं सांगितलं. सचिवांनी ते उतरवून घेतलं आणि खाली सही केली. म्हणून माझा सल्ला असा की पहिल्याच दिवशी ते पान खिशात ठेवा आणि नकार आला तर लेखी मागा.

बाकीची वाट सरळ होती. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे का, हे चाचणीच्या शेतात पाहतात. शेतकरी वाणाला एकसारखेपणात सवलत असते. तरी भेसळीची रोपं उभ्या पिकातच उपटा, कापणीनंतर ती ओळखू येत नाहीत. पाठवायच्या बियाण्याला औषध चोळू नका. आम्ही घरच्यासाठी कणगीत निर्गुडीचा पाला घालतो, पाठवायचं बियाणं त्यापासूनही वेगळं ठेवलं होतं. आणि हो, फोटो लोंबी निसवतानाच काढून ठेवा, नाहीतर पुढच्या खरिपापर्यंत थांबावं लागतं.

प्रमाणपत्र आलंय. त्यावर गटाचं नाव आहे, कुणा एकाचं नाही, याचा मला फार अभिमान आहे. भातासारख्या पिकाला नोंदणीचं हे संरक्षण जास्तीत जास्त 15 वर्षं मिळतं. शेजारच्या खोऱ्यातल्या बायांचा अर्ज आता आम्ही भरून देतोय, आणि त्यांची शिफारस थेट विद्यापीठाकडून घेणार आहोत.