आर्टिस्ट ॲलीत माझं टेबल: माझा अनुभव

पुण्यातल्या मोठ्या कॉमिक कन्व्हेन्शनला यावेळी आर्टिस्ट ॲलीत माझं टेबल होतं, आणि बऱ्याच जणांनी विचारलंय की टेबल कसं मिळतं, खर्च किती, मराठी कॉमिक तिथे कोण घेतं, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. आर्टिस्ट ॲली म्हणजे मोठमोठ्या स्टॉल्सच्या एका बाजूला चित्रकारांसाठी टेबलांच्या रांगा असतात, तिथे चित्रकार स्वतः बसतो आणि आपलं काम स्वतः विकतो.

माझं कॉमिक असं आहे की नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं होतं ना, त्या नळाचे उच्छ्वास, म्हणजे हवेसाठी वर काढलेली तोंडं, अजून शहरात काही ठिकाणी दिसतात, तर सातवीतली एक मुलगी अशाच एका उच्छ्वासातून खाली उतरते आणि पेठांच्या खालून चालत सुटते. २४ पानं, ए५ साइज, सगळं काळं-पांढरं, फक्त पाणी निळं.

अर्ज फार अवघड नाही. कामाचे नमुने मागतात, काय विकणार ते विचारतात, निवड झाली की टेबलाचं भाडं आधी भरायचं. मी एका मैत्रिणीबरोबर टेबल अर्धं अर्धं घेतलं, ती ॲनिमे आणि सुपरहिरोंची फॅन आर्ट प्रिंट्स करते. हे मी सगळ्यांना सुचवेन, कारण ओळखीचं पात्र दिसलं की माणूस आपोआप थांबतो आणि मग त्याची नजर शेजारच्या अनोळखी पुस्तकाकडे जाते.

खरा वेळ गेला तो छपाईत. नारायण पेठेतल्या एका प्रेसमध्ये काम दिलं. सेंटर पिन, म्हणजे मधल्या घडीवर पिन मारून पुस्तक बांधायचं असेल तर पानं चारच्या पटीत लागतात हे गोष्ट लिहितानाच डोक्यात ठेवा, नाहीतर शेवटी गोष्ट ताणावी लागते किंवा कापावी लागते. प्रती कमी असतील तर डिजिटल बरं, ऑफसेटला प्लेटचा खर्च येतो, तो जास्त प्रती काढल्या तरच परवडतो. आणि माझ्या गोष्टीत तर अर्ध्या पानांवर अंधारच अंधार, तेव्हा काळा रंग नीट येणं फार महत्त्वाचं होतं. प्रेसवाले काका म्हणाले, "ताई, नुसता काळा शंभर टक्के देऊ नका, फिका दिसेल, त्याच्याखाली थोडा सायन द्या." सायन म्हणजे छपाईतली आकाशी निळी शाई. तसं केलं आणि मॅपलिथो या साध्या कागदाऐवजी मॅट आर्ट पेपर, म्हणजे गुळगुळीत पण न चकाकणारा कागद घेतला, कारण मॅपलिथो शाई पितो, काळा करडा दिसायला लागतो. प्रूफ, म्हणजे तपासायची नमुना प्रत हातात आल्यावर मी ते रस्त्यावर उन्हात नेऊन बघितलं तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला, बोगदा खरंच बोगदा वाटत होता.

अक्षरं मी हातानेच लिहिली. आपल्या लिपीत वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जागा सोडावीच लागते आणि संवादाचा फुगा मोठा होतो. म्हणून आधी संवाद लिहायचा, फुगा काढायचा आणि मग उरलेल्या जागेत चित्र बसवायचं, हा क्रम मला फार उपयोगी पडला.

टेबलाच्या तयारीबद्दल थोडक्यात. बोहरी आळीतून लोखंडी जाळी आणि चिमटे आणले, प्रिंट्स उभी लावली, कारण गर्दीत सपाट ठेवलेलं काही दिसत नाही. क्यूआर कोड दोन ठिकाणी लावा. हॉलमध्ये गर्दी झाली की नेटवर्क जातं, तेव्हा सुट्टे पैसे जवळ हवेतच.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. घरी बसून पानं काढताना वाचणारा माणूस कधी दिसत नाही, आणि इथे तो दोन फुटांवर उभा राहून वाचत असतो. मी विकायचं सोडून त्यांचे अंगठेच बघत बसायचे, कुठल्या पानावर थांबतात, कुठलं पान भर्रकन उलटतात. सहा-सात नंबरची पानं मिळून एकच मोठं चित्र आहे, वरून उच्छ्वासाचा उजेड पडतोय आणि खाली ती एवढीशी मुलगी, तिथे जवळजवळ प्रत्येकजण थांबला. अकराव्या पानावर मी पाणी कुठून कुठे जायचं ते नकाशा काढून समजावलंय, ते पान मात्र कोणी वाचेना. तिथे बरेच जण पात्रांचे वेश करून येतात, तसा एक मुलगा पाठीला पुठ्ठ्याचे हे एवढे मोठे पंख लावून आला होता, त्याने हातातली तलवार मित्राकडे दिली आणि उभ्या उभ्या अख्खं कॉमिक वाचून काढलं, मागून लोक ढकलत होते तरी हलला नाही, आणि मग विचारतो, "पुढे ती बाहेर कुठे निघते?" तो प्रश्न ऐकून मला जे वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही.

"इंग्लिशमध्ये आहे का?" असंही खूप जणांनी विचारलं. मी नाही म्हणायचे आणि पहिली दोन पानं वाचून दाखवायचे, त्यातले निम्मे तरी ऐकत थांबायचे.

मुलाला घेऊन आलेले एक काका होते, त्यांनी लहानपणी इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीतून वाचलेला, लायब्ररीतून भाड्याने आणून. ती मालिका १९९० मध्ये बंद झाली, त्यानंतर आपण मराठी कॉमिक हातातच घेतलं नाही म्हणाले. माझं पुस्तक चाळता चाळता त्यांनी त्यांच्या वाड्यातल्या हौदाबद्दल सांगायला सुरुवात केली, कात्रजचं पाणी यायचं, आई ते भांड्यांना आणि झाडांना वापरायची, हौदाच्या कडेला शेवाळ असायचं म्हणून मुलांना तिकडे फिरकू द्यायचे नाहीत. मी बिलांच्या वहीच्या मागे त्या हौदाचं स्केच काढलं, ते सांगत गेले तसं खोडत, पुन्हा काढत, पायऱ्या उजवीकडून नाही डावीकडून, असं. मुलगा कंटाळून कोल्ड्रिंक घेऊन परत आला तरी आमचं चालूच होतं.

पैशांचं विचाराल तर टेबलाचं भाडं आणि छपाई निघाली, वर थोडे उरले. मैत्रिणीची प्रिंट्स माझ्यापेक्षा कितीतरी जास्त गेली आणि ते साहजिकच आहे. पण माझ्या सगळ्या प्रती संपल्या.

अर्ज करणार असाल तर नमुन्यात सुटी सुटी सुंदर चित्रं देण्यापेक्षा एकाच गोष्टीची सलग चार पानं द्या असं मला वाटतं, त्यातून गोष्ट सांगता येते की नाही ते कळतं. दुसऱ्या छपाईत तो नकाशा मी कव्हरच्या आतल्या बाजूला हलवतेय आणि अकरावं पान नव्याने काढतेय. दुसऱ्या भागात मुलगी एका वाड्याच्या हौदातून बाहेर येणार आहे, तेव्हा कोणाच्या वाड्यात असा हौद होता किंवा घरी त्याचा जुना फोटो असेल तर मला नक्की सांगा, पायऱ्या कुठल्या बाजूला होत्या तेवढं आठवून.